बँडमास्तर भांडेनासे झाले

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पुरा धरावा.) तुझी तब्येत कशी आहे, जेवतेस ना, झोप लागते ना, हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस. भावजी गेल्याचं दवाखान्यातून फोनवरच कळलं, तेव्हापासून तो वाजला की तू दुसऱ्या खोलीत जाऊन बसतेस, असं तुझ्या शेजारणीने सांगितलं. मला तुझा राग येत नाही. काळजी वाटते, आणि काळजी वाटली की राग येतो, एवढंच. मी इकडे ठणठणीत आहे. कागदावर इस्त्री फिरवून पाठवते आहे, सध्या या साथीत कशाचाच भरवसा नाही म्हणून. कडा करपल्या असतील तर सांभाळून घे.

तर झालं असं की, आमच्या आरोग्य केंद्राच्या नर्सबाई एक दिवस दारात उभ्या राहिल्या. अंगात पांढरा झगा, तोंडावर दोन मास्क, वर प्लास्टिकचा पडदा. मला वाटलं, मधाचं पोळं काढायला आल्यात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करायचा, ताप, खोकला, जेवण विचारायचं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन वाचायला लावायचा आणि काही बिनसलं तर केंद्राला कळवायचं, असं काम. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेला, मला नाही कसं म्हणवेल? त्यात नर्सबाई म्हणाल्या, “आजी, तुम्हालाही तेवढाच विरंगुळा.” म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालेल्या बाईला आजी म्हणायचं म्हणजे! मी जागच्या जागी होकार दिला, केवळ त्यांना खोटं पाडायला.

पण हाताची आणि तोंडाची सवय जाता जात नाही. पहिल्याच दिवशी एक आजोबा आपल्या बद्धकोष्ठाची हकिगत रंगवून सांगत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” ट्रंक कॉलला दर तीन मिनिटांचे पैसे मोजलेला माणूस, घाबरून फोनच ठेवला त्यांनी. ऐन रंगात आलेलं बद्धकोष्ठ अर्ध्यावर राहिलं.

दुसरी खोड त्याहून घातक. समोरच्याला बोलायला माणूस हवंय असं वाटलं की माझी बोटं आपोआप लाइन जोडायला धावतात. माझ्या वाट्याला एक बँडमास्तर आले होते. हयातभर लोकांच्या लग्नात ट्रम्पेट वाजवलेला माणूस, स्वतः बिनलग्नाचा (इतकी लग्नं जवळून पाहिल्यावर दुसरं काय होणार, असं त्यांचं म्हणणं). त्यांचा चिमट्यावर विश्वास नव्हता. ऑक्सिजन विचारला की ट्रम्पेट फुंकून दाखवायचे, तेही थेट माझ्या कानात. दुसऱ्या होत्या एक निवृत्त सुईणबाई. अर्ध्या गावाला त्यांनीच जगात ओढून काढलेलं, त्यामुळे कुणाशीही बोलताना ते उघडंवाघडं पोर आपल्या हातात आहे अशाच बोलतात. एका सकाळी मी मोबाइलवर या दोघांना एकत्र जोडलं आणि गुपचूप ऐकत बसले. (एक्सचेंजमध्ये ऐकायला सक्त मनाई होती. आम्ही सगळ्या ऐकायचो.)

झालं, रोज जुंपायला लागली! ट्रम्पेट ऐकून सुईणबाई म्हणायच्या, “हे काय कण्हणं? जोर लावा, जोर!” मास्तर म्हणायचे, तुम्हाला फक्त रडणं कळतं, सूर नाही. त्यांनी वाफ घ्यायला सांगितली की यांना उकडायचं, त्यांनी पालथं झोपायला सांगितलं की यांना पोट आड यायचं. नर्सबाईंना कळलं तेव्हा मला चांगलंच झापलं त्यांनी. प्रत्येकाचा वेगळा फोन आणि मोजके प्रश्न, हा नियम. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं, कारण जुंपल्यापासून दोघंही वेळेवर जेवत होती. भांडायला अंगात ताकद लागते, ताई.

आणि मागच्या आठवड्यात सुईणबाई म्हणाल्या, मास्तर, आज आवाज खोल गेलाय, मुकाट्याने पालथे पडा. मास्तर म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.”

सुईणबाईंनी खात्री करायला त्यांच्या ट्रम्पेटला भोंगा म्हणून पाहिलं. “असेल,” म्हणाले. मी केंद्राला फोन लावला आणि ओरडले, “माणूस भांडत नाहीये, गाडी पाठवा!” पलीकडचे गृहस्थ शांतपणे विचारतात, ताप किती आहे? मी म्हटलं, ताप घाला चुलीत, तो हो म्हणतोय! नशीब माझं, नर्सबाई तिथेच होत्या आणि त्या मास्तरांना ओळखत होत्या. जाऊन चिमटा लावला तर ऑक्सिजन पार खाली गेलेला, आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नाही. वेळेवर नेलं म्हणून वाचले. काल वॉर्डातून त्यांचा पहिला फोन आला. सुईणबाईंनी आजवर दिलेला एकूण एक सल्ला चुकीचा होता, असं ठणकावून सांगितलं. आम्ही दोघी फोनवर ढसाढसा रडलो. रडतानाही सुईणबाई मला श्वास कुठे घ्यायचा ते सांगत होत्या.

दवाखान्यातून येणारा प्रत्येक फोन तीच बातमी घेऊन येत नाही, हे तुला कळावं म्हणून एवढं लांबण लावलं. भावजी गेले तेव्हा रस्ते बंद होते, मला तुझ्याजवळ येऊन बसता आलं नाही, आणि ते मला रोज सलतं. परक्यांच्या लाइनी जोडण्यात जन्म गेला आणि सख्ख्या बहिणीची लागत नाही, याहून मोठी नाचक्की कोणती? जप स्वतःला.

तुझीच,
धाकटी

ता. क. सुईणबाई तुझा नंबर मागत होत्या. दिलेला नाही. तू त्यांच्या तावडीत सापडावीस इतकी काही मी तुझ्यावर चिडलेली नाही.

ता. क. आणखी एक. ठणठणीत आहे असं वर लिहिलंय, ते तेवढं खोडून वाच. मला परवापासून ताप आहे. तपासणी झाली, साथ माझ्याही घरी आली. चिमटा अजून बरं बोलतोय, तेव्हा हातपाय गाळू नकोस. पण आता मलाही रोज सकाळी कुणीतरी विचारायला हवं. नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला फोन कोण करेल? मी तुझं नाव सांगून बसले. फोन वाजला की तुझ्या काळजात धस्स होतं, म्हणून तुला तो उचलायला सांगत नाही. तू लाव. मी उचलते.