डाव्या बाजूची हाक

प्रिय डॅडी,

आधी बातमी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही सावकाश वाचाल. जागा मिळाली. चौदा तारखेच्या रविवारी, व्यावसायिक फुटबॉलच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, तुमचा लेम पहिल्या अकरांत राइट गार्ड म्हणून उभा राहणार आहे. ममाला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं किंचाळली की तिच्यामागे चर्चमधल्या बायकाही ओरडल्या. म्हणजे अर्ध्या गावाला कळलंच असेल. पण जागा कशी मिळाली ते मी तिला सांगितलेलं नाही. ते तुमच्यासाठी ठेवलंय. फोनवर तुमचं-माझं बोलणं होत नाही आणि मोबाइलवर लिहिलं की ती आधी वाचते. नोव्हेंबरपासून आपल्यात जे काही बोलणं झालं ते सगळं तिच्या तोंडूनच झालं. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. अक्षर शाळेत होतं तसंच गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

जुलैच्या शेवटी शिबिराला आलो तेव्हा आम्ही नव्वद जण होतो आणि राहणार होते त्रेपन्न. मी सहाव्या फेरीत निवडलेला. म्हणजे टिकला तर बरं, गेला तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही, अशातला. राइट गार्डच्या जागेवर अकरा वर्षं वेंडेल स्ट्राउड खेळत होता. दाढीत पांढरे केस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि त्याचे हात छातीवर पडले की लोखंडी दार आदळल्यासारखं वाटायचं. पहिल्याच सकाळी न्याहारीच्या रांगेत माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, “पोरा, सहाच अंडी? माझी जागा घ्यायला आलायस की उपास करायला?” मी म्हणालो, “जागाच घ्यायला आलोय, सर. अंडी दुसऱ्या खेपेला घेतो.” सगळा हॉल हसला. तोही हसला. मला तेव्हाच वाटलं, इथं आपलं जमणार.

आणि ताकदीत मी कुणापुढे हटलो नाही, डॅडी. तुम्ही चर्चमागच्या मैदानावर बंद पडलेली पिकअप गाडी ढकलायला लावायचात ना, “बूड खाली, छाती वर, पाय थांबले की संपलास” असं ओरडत? इथले तीनशे पौंडांचे गडी त्या पिकअपपेक्षा हलके निघाले. घोटाळा दुसरीकडेच होता. कॉलेजात मी लेफ्ट टॅकल, अगदी डाव्या टोकाला. सगळे माझ्या उजव्या हाताला असायचे. चार वर्षं बिनबोभाट निभावलं. इथं त्यांनी मला गार्ड केलं, तेही उजव्या बाजूचा. आता आमचा सेंटर, इओआने लिओटा, माझ्या डाव्या हाताला. चेंडू मागे देण्याआधी कुणी कुणाला अडवायचं ते तोच ओरडून सांगतो आणि ऐन वेळी बदलतोही. माझा डावा कान कसा आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. तुम्हाला आणि मला. निवडीच्या तपासणीत त्यांनी गुडघे बघितले, खांदे बघितले, काळीजसुद्धा बघितलं. कानाकडे कुणी फिरकलं नाही आणि मी बोललो नाही.

पाचव्या दिवशी लिओटानं हाक बदलली. मला ती आलीच नाही. मी उजवीकडे गेलो, माझ्या जागेतून समोरचा गडी सरळ आत घुसला आणि ज्याला आम्ही राखायचं, त्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जाऊन आदळला. सरावात त्याच्या अंगावर लाल जर्सी असते, त्याला बोटही लावायचं नसतं. आम्हा अडवणाऱ्यांच्या लाइनचे कोच हॅलोरन तरातरा आले. “टॉलिव्हर! दार उघडून दिलंस, आता बस म्हण, पाणी विचार त्याला!” त्या आठवड्यात तसंच आणखी दोनदा झालं आणि मी तिसऱ्या फळीत गेलो. तिसऱ्या फळीतून माणूस थेट घरी जातो.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर मी बर्फाच्या टबात बसलो होतो. स्ट्राउड शेजारच्या टबात, माझ्या डावीकडे. थोड्या वेळानं तो उठला, लंगडत उजवीकडे आला आणि म्हणाला, “तुझ्या गाडीला आग लागलीय असं मी आत्ता तीनदा सांगितलं. हललासुद्धा नाहीस.” मी डाव्या कानाला हात लावला. तो म्हणाला, “किती वर्षं?” मी म्हणालो, “नवव्या वर्षी ताप आला होता, तेव्हापासून.” त्यानं बराच वेळ गुडघा चोळला. मग म्हणाला, “मी कुणाला सांगणार नाही. मला ते शोभणार नाही. पण ऐक. तुझ्या चुकीनं त्या क्वार्टरबॅक पोराचा खांदा निखळला तर वर्ष त्याचं जाईल, तुझं नाही. माझी जागा घे, खुशाल घे. पण उजेडात घे.”

त्या रात्री तुमचेच शब्द डोक्यात घोळत होते. त्या तापानंतर आपण मासे धरायला गेलो होतो, तुम्ही डावीकडून हाका मारल्या, मी वळलो नाही, आणि तुम्हाला कळलं. तुम्ही म्हणाला होतात, “कुणाला सांगू नकोस, लेम. सांगितलंस की लोक तुझं नाव विसरतात आणि कान लक्षात ठेवतात.” तेव्हा मला माहीत नव्हतं की हे तुम्ही स्वतःबद्दल बोलताय. पेपर मिलच्या त्या यंत्रापाशी सव्वीस वर्षं, त्याच्या आवाजात गेलेले दोन्ही कान, आणि त्यातली शेवटची कितीतरी मुकादमाच्या ओठांकडे बघून काढलेली. तुमचं म्हणणं तुमच्यापुरतं खरंच होतं. पण मी सकाळी उठून कोच हॅलोरनांकडे गेलो आणि सांगून टाकलं. डॅडी, तुमचा शब्द मी मोडला तो हा असा.

ते चिडले, आणि चांगलेच चिडले. डॉक्टरांकडे पाठवलं, कागद आले, मग परत बोलावलं. “मला तुझे कान नकोत, पाय हवेत,” म्हणाले, “पण हाक तुझ्यापर्यंत पोचणार कशी, ते सांग.” मी म्हणालो, “सर, वडिलांना ऐकू येत नाही, आमच्या घरी बारा वर्षांत कुणी कुणाला हाक मारलेली नाही. ममा जमिनीवर पाय आपटते, बहीण फडकं हलवते, वडील नुसता खांदा वळला तरी ओळखतात. मला दाखवा, ऐकवू नका.” लिओटाला बोलावलं. तो म्हणाला, “एवढंच ना? मी हात आणि तोंड दोन्ही चालवीन, माझ्या आईसारखं.” चार दिवस जेवणानंतर आम्ही दोघंच मैदानावर खुणा बसवत होतो.

पुढच्या आठवड्यात कोचनी मैदानाच्या दोन्ही बाजूंना लाऊडस्पीकर लावले. परक्या मैदानावर प्रेक्षक एवढा गोंगाट करतात की क्वार्टरबॅकचा आवाज कुणापर्यंत पोचत नाही, त्याचा तो सराव. भोंगे सुरू झाले आणि चांगले चांगले खेळाडू गडबडले. कुणी आधी उडी मारतोय, कुणी उशिरा, स्ट्राउडसुद्धा दोनदा चुकला. अशा वेळी गार्डनं मागे वळून क्वार्टरबॅकचा पाय बघायचा, तो उचलला की सेंटरला हातानं टोचायचं आणि मग चेंडू सुटतो. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं. मला त्यात वेगळं काय करायचं होतं? घरी जेवताना मीठ मागायचं ते असंच. एक तास झाला, एकही चूक नाही. हॅलोरननी स्ट्राउडला बाजूला बोलावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसरा सराव सामना छपराखालच्या स्टेडियममध्ये, परक्यांच्या घरी. मला सुरुवातीपासून उतरवलं. समोर त्यांचा नावाजलेला गडी होता, पहिल्या तीन चेंडूंना माझ्याशी बडबडत होता. चुकून माझ्या डाव्या कानाशी बोलत होता बिचारा. चौथ्या वेळी मी त्याला पाठीवर पाडला. एकेचाळीस वेळा चेंडू सुटला आणि एकदाही माझ्या वाटेनं कुणी आत गेलं नाही. टीव्हीवर माझं नाव कुणी घेतलं नसेल. लाइनमनचं नाव चुकल्यावरच निघतं. तुम्ही बघितलं असेल तर तुम्हाला कळलं असेल, एवढं मला पुरे.

मंगळवारी फळ्यावर यादी लागली. स्ट्राउडला संघातून काढलं होतं. मी त्याच्या कपाटापाशी गेलो. तो बॅग भरत होता. मुद्दाम माझ्या उजवीकडे येऊन म्हणाला, “तोंड पाडू नकोस. मीही एकाची जागा घेतली होती. त्याच्यापुढे मी रडलो नव्हतो.” दोन दिवसांनी त्याला दुसऱ्या संघानं उचललं. डिसेंबरात आम्ही त्यांच्याशी खेळतो.

आता ते, ज्यासाठी कागद घेतला. नोव्हेंबरात कॉलेजातला माझा शेवटचा घरचा सामना होता, त्याआधी शेवटच्या वर्षाच्या पोरांना नाव पुकारून घरच्यांसोबत मैदानात चालवतात. मी तुम्हाला सांगितलं की मैदानात घरच्या एकाच माणसाला सोडतात, म्हणून ममा येईल. डॅडी, ते खोटं होतं. सगळ्यांचे आई आणि वडील, दोघंही आले होते. भोंग्यावर आपलं नाव पुकारतील, तुम्ही भलत्या वेळी निघाल, कुणी काही विचारलं तर भलतंच उत्तर मोठ्यानं द्याल आणि पोरं हसतील, याची मला लाज वाटली. अर्धा बहिरा मी, आणि मला तुमची लाज वाटली. चार तास गाडी चालवून आलेले तुम्ही बाहेर पिकअपमध्ये बसून राहिलात. सामना सुटल्यावर दुसऱ्यांचे बाप कोटाला फुलं लावून तुमच्या समोरून गेले, ते तुम्ही बघितलंत हे मला माहीत आहे. तरी तुम्ही एवढंच विचारलंत, “ममा नीट चालली ना रे?” त्यानंतर तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. कोचपुढे माझा कान कबूल केला त्या दिवशी मला कळलं की ते सोपं होतं. अवघड हे होतं. चौदा तारखेला सामन्याआधी घरच्यांना गवतावर येऊ देतात. मी कागदावर लिहून दिलंय: होझिया टॉलिव्हर, वडील. दुसरं नाव दिलेलं नाही, ममाला मी समजावीन. याल का? उत्तर तिच्याकरवी पाठवू नका. सोबत टपालाचं तिकीट लावलेलं पाकीट आहे. ‘नाही’ म्हणायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण तेही तुमच्याच हातानं लिहा.

तुमचाच,
लेम्युएल