तिसऱ्या डोंगराचं पाणी

माय, तुला सांगायचं ते तोंडातून कधी निघालं नाही, म्हणून कागदावर घालते आहे. कागद काही मी लिहीत नाही. मला अजून अक्षर येत नाही, त्या बाबतीत तुझीच लेक मी. लिहून राहिली ती माझी नात, माझ्या लेकाची पोरगी. लातूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसलोय आम्ही दोघी. आत तुझा नातू पडलाय. तोच, ज्याला आपण माहूरच्या डोंगरावर नेलं होतं. पन्नाशी उलटली त्याची, डोक्यावर केस नाहीत. तू बघितलंस तर म्हणशील, हा कुणाचा म्हातारा आणून निजवला. त्याच्या किडन्या बसल्यात. डॉक्टरानं पाणी तोडलंय, दिवसभराचं मिळून पेलाभर, तेही चमच्यानं. सकाळी मला म्हणाला, "माय, घोटभर दे की गं." मी नाही म्हणाले. त्या लेकराला मी पाणी नाही म्हणाले, माय.

आणि ही, जी लिहून राहिली, तिनं निराळंच काढलंय. घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात भरून आणलंय, तोंडाला फडकं बांधलंय, आणि दुपारच्या गाडीनं माहूरला निघते म्हणते. शाळेत सायन्स शिकवते बरं का! मी म्हणाले, "अगं, तू तर पोरांना सांगती की ताप देवीचा नसतो, जंतूचा असतो." तर म्हणते, "आज्जी, सायन्सचं सगळं करून झालं. आता पणजीचा उणा नवस तेवढा राहिलाय." डॉक्टर म्हणून राहिले की हे दोन दिवस जड आहेत, जवळच्यांनी जवळ थांबा, आणि पोटची पोरगी डोंगरावर. घरात सगळ्यांना पाठ आहे, की पणजीच्या हातून पाणी सांडलं आणि अनसूयेचा नवस अर्धा राहिला. ही गोष्ट मीच सांगितलेली, भाकरी थापता थापता, सगळ्यांना. म्हणून म्हटलं, आधी कागद घे. माझ्या मायला एक सांगायचं राहिलंय ते लिही, मग जा कुठं जायचं तिथं.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. आपल्या विहिरीत बादली सोडली की आधी दगडावर वाजायची. माझी पहिली दोन गेलेली, हे तिसरं पाच महिन्यांचं, हगवणीनं मांड्यांची कातडी लोंबायला लागलेली, आणि रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर खाऊन खाऊन माझ्या अंगावरचं दूध आटलेलं. तू नवस बोललीस. घरच्या विहिरीचं पाणी तिन्ही डोंगरांवर घालीन, रेणुकेला, दत्ताला आणि शेवटी अनसूयेला, ती लेकरांची आई. पण हे लेकरू राहू दे. तांब्या घरातून निघाला की भुईला टेकवायचा नाही. शेजारीण म्हणाली, "प्यायला न्हाई आन् देवाला आंघोळ?" तू म्हणालीस, "त्याला तोंड धुवू दे, मंग तो आपल्याकडं नीट बघंल." एस्टीत लोह्यापर्यंत आपण उभ्या. कंडक्टर म्हणतो, "मावशी, ठिवा की तांब्या खाली." तू म्हणतेस, "न्हाई बाबा. जावाई हाय तो, भुईवर बसत न्हाई." सगळी गाडी हसते. मी पण हसते, छातीशी लेकरू तापलेलं, आणि हसता हसता मला वाटतं की हे लेकरू मी माघारी आणत नाही.

माहूरला सागाच्या रानात झाडावर पान नव्हतं. सगळी खाली पडलेली, पाय टाकला की पापडासारखी मोडायची. रेणुकेच्या पायऱ्या चढलो, उंबऱ्याशी तू पहिला हिस्सा ओतलास. पुजाऱ्यानं देवीचा विडा हातावर ठेवला, पान, सुपारी, कात सगळं कुटून एकजीव केलेला. तुझा वाटाही तू मलाच दिलास, "खा, बाळंतिणीच्या तोंडाला चव यील." मी तो पदराला बांधला. दत्ताच्या शिखरावर दुसरा हिस्सा ओतला आणि तिथंच लेकराची पाण्याची बाटली संपली. खाली दुकानदाराकडं मागितलं तर त्यानं नुसता हात हलवला. घसा असा कोरडा की तोंडाला लाळ सुटावी म्हणून मी पदराचा विडा काढून तोंडात टाकला. आता मी एवढी म्हातारी, आणि पान खात नाही म्हणून गल्लीतल्या बाया हसतात. हसू दे.

अनसूयेच्या पायथ्याशी तुझे तळवे फुटले. "धर, टेकवू नगं," म्हणून तांब्या माझ्या हातात दिलास आणि पायाला बांधायला पळसाची पानं आणायला उतारावर गेलीस. लेकरू रडेना. रडणारं लेकरू परवडलं, माय. जीभ टाळ्याला चिकटलेली, डोक्यावरची टाळू वाटीसारखी आत गेलेली. समोर डोंगर, मांडीवर लेकरू, हातात त्याच्याच नावाचं पाणी. मी फडकं सोडलं. बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलं. त्यानं चोखलं. मग पदराचं टोक भिजवून पिळलं, मग पुन्हा, मग पुन्हा. त्यानं डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, जसं की मी उशीर केला. तळाला बोटभर राहिलं तेव्हा तुझ्या पायाखाली पानं वाजली आणि मी घाईघाईनं गाठ मारली.

वर जाऊन तू तांब्या कलता केलास. बोटभर पाणी, ते उंबऱ्यावर पडलं नि तापल्या दगडात जिरून गेलं. तू तांब्याच्या आत बघितलंस. मग माझ्याकडं. तांब्याच्या काठाला लाल काही लागलं होतं, ते पदरानं पुसलंस. "कुंकू लागलं वाटतं," म्हणालीस. आणि मग कपाळ दगडावर आपटून घ्यायला लागलीस. "माझ्याच हातून सांडलं गं! दत्ताच्या उतारावर पाय घसरला तवाच सांडलं!" घसरला होता का तुझा पाय? मला आठवत नाही. वाटलं, आत्ता कबूल केलं तर अनसूया इथंच लेकरू ठेवून घेईल. घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर वाटलं, लेकरू बाळसं धरू दे, मग सांगू. त्यानं बाळसं धरलं, मोठं झालं, तरी मी सांगितलं नाही.

दहा वर्षं तू त्या पाण्याची फिकीर वाहिलीस. पोराला नुसती शिंक आली तरी पूर्वेकडं हात जोडायचीस, "अनसूये, उणं राह्यलंय, ध्यानात हाय माझ्या." मग ते नव्या जिल्ह्याचं साल आलं. लातूरला गुलाल उधळला, आपल्या गावात पेढे वाटले; आता कचेरी जवळ आली, आता दारात नळ येतो का नाही बघा, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा नाचली. त्याच दिवसांत पोराला टायफाइड झाला. मी इथंच लातूरला त्याच्या खाटेशी बसलेली आणि तू आलीस, हातात तोच तांब्या. "जाऊन येते. मागल्या खेपेला जुन्या जिल्ह्यातनं नेलं, ते पोचलंच न्हाई. आता नव्या जिल्ह्याचं नेते." मी म्हणाले, "गुडघे बघ आपले." तू म्हणालीस, "तिनं गुडघे कुठं मागितलेत?" दारापर्यंत गेलीस आणि वळून उभी राहिलीस. लई वेळ बघत राहिलीस माझ्याकडं. "काई सांगायचंय का गं?" विचारलंस. ओठापर्यंत आलं होतं, माय. मी म्हणाले, "सांभाळून जा."

गावची माणसं सांगत आली ते असं, की अनसूयेच्या पायऱ्यांवर अर्ध्यात तू बसलीस, तांब्या मांडीवर घेतलास आणि उठलीच नाहीस. तांब्या भुईला लागला नव्हता म्हणे. शेवटचं पाणी घालायला दुसरं नव्हतं, म्हणून कुणी त्यातलंच तुझ्या तोंडात घातलं. अनसूया दुसऱ्या खेपेलाही उपाशी. इकडं पोराचा ताप उतरला, गोळ्यांनी उतरला, आणि सगळे म्हणाले आजीची पुण्याई. मी मान हलवली. चार शब्द होते नुसते, "पाणी मी लेकराला पाजलं." तेवढे बोलले असते तर तू मला शिव्या दिल्या असत्यास, चुलीतलं लाकूड उचललं असतंस, आणि घरी राहिली असतीस.

आता ही लिहायची थांबली. "आज्जी, म्हंजे पाणी सांडलंच नव्हतं?"

"न्हाई."

"आन् तरी तू पणजीला जाऊ दिलंस?"

"हाव. पण तुला न्हाई जाऊ देत."

तांब्या सकाळपासून तिच्या मांडीवर आहे. त्यालाच वही टेकवून लिहीत होती. लई वेळ बघत राहिली, तुझ्यासारखीच. मग तिनं तो उचलला आणि फरशीवर ठेवला. आवाज झाला तशी मी दचकले, इतक्या वर्षांनीसुद्धा. मग ती आत गेली, बापाला दोन चमचे पाजून आली, डोळे पुसून पुन्हा पेन धरून बसली. आता ती जात नाही. माझा लेक यातून उठतो की नाही, ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

हा कागद कुठं धाडायचा, ते काही मला माहीत नाही. बटव्यात ठेवीन. पण ही पोरगी सायन्सची. जाऊ देते होय? विचारते, "आज्जी, मग तांब्याच्या काठाला लाल काय लागलं होतं?" मी म्हणाले, तेवढं लिहू नको. ती लिहूनच राहिली. तर लिही बाई. कुंकू नव्हतं, माय. माझ्या तोंडातला विडा होता. पहिले दोन घोट मी घेतले होते, लेकराच्या आधी.