दोन्ही सुया धड होत्या

आत्याबाई, हे पत्र तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि या घरात वाचून दाखवणारी मीच होते. तुमच्या भावाकडून आलेलं प्रत्येक कार्ड मीच वाचलं. त्यातलं काय वाचायचं आणि काय गाळायचं, तेही मीच ठरवलं. तेव्हा तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली तरी फारसा फरक पडलेला नाही. लिहिणारी मी, वाचणारीही मीच. फक्त आज यातलं काही गाळायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आपलं घर मूळचं मळ्याचं. कारंज्याच्या वेशीबाहेर तुम्ही वांगी, मेथी, हिरवा सांभार पिकवला आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बाजार गाठला. मग मामाजी, तुमचे मालक, एकदा मुंबईला गेले आणि येताना चष्म्यांची एक पेटी घेऊन आले. मी तुमची सून होऊन आले तेव्हा मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेला होता आणि पुढच्या दोन खोल्यांत आढ्यापर्यंत पेट्या रचलेल्या होत्या. माल मूर्तिजापूरला उतरायचा, तिथून छोट्या गाडीनं कारंज्याला यायचा. तारेच्या काड्यांचे, कचकड्याचे, सोनेरी मुलाम्याचे चष्मे, सगळे गवतात गुंडाळलेले. घरातल्या बायकांनी ते उलगडायचे, फडक्यानं पुसायचे आणि नंबर पाहून डझनाडझनानं बांधायचे. सुटा चष्मा आपण कधी विकला नाही. डझनाखाली मामाजी बोलतच नसत. केनवडचे, आसेगावचे, कुठले कुठले बाजार करणारे फेरीवाले येत आणि पेट्या भरून नेत. बाजारात डोळे तपासायला डॉक्टर थोडाच बसलेला असे? गिऱ्हाइकाचं वय विचारायचं, वयाच्या हिशेबानं चाळिशी नाकावर चढवायची आणि हातात सुईदोरा द्यायचा. सुई ओवली गेली की चष्मा लागला.

तीच परीक्षा आपल्या ओसरीवर व्हायची, आणि ती द्यायचा मान तुमचा. नवी पेटी फोडली की मामाजी त्यातला एक चष्मा उचलून तुमच्या हाती देत. तुम्ही दारातल्या पाटावर, पदर कपाळापर्यंत ओढलेला. चष्मा लावायचा, मान जरा तिरपी करायची, दोरा ओला करायला ओठाशी न्यायचा आणि दुसऱ्या क्षणी ओवलेली सुई वर धरायची. "पाहून घ्या," मामाजी म्हणायचे, "घरच्या बाईवर आजमावलेला माल हाय. फसवाचं असतं तं बायकोले कायले बसवलं असतं?" फेरीवाले माना डोलवत आणि पुढे आपल्या गिऱ्हाइकांना हेच तिखटमीठ लावून सांगत. त्या पाटाचा तुम्हाला केवढा ताठा होता! गावातल्या बायका नवऱ्यासमोर चुलीपाशी बसत, तुम्ही व्यापाऱ्यांसमोर ओसरीवर बसत होता.

त्या ताठ्यातच तुम्ही मला वागवलंत. माझ्या हातून एका चष्म्याची काच फुटली, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. ती रिकामी चौकट माझ्या नाकावर चढवलीत आणि दिवसभर तशीच कामाला लावलीत. आसेगावचे फेरीवाले आलेले, मी पाणी घेऊन बाहेर गेले तर सगळे खो खो हसले. तुम्ही आतून विचारलंत, "आता तरी दिसते काय वं धनजवाले?" धनज माझं माहेर, तुमच्या तोंडी ती शिवीच होती. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. रडले नाही, पण तो दिवस मी मनात नीट घडी घालून ठेवला.

तुम्हाला दिसत नाही हे मला कळलं ते माझ्याच वात्रटपणामुळे. तुम्ही अंगणात तांदूळ निवडत होता. माझ्या बांगड्या वाजल्या की तुम्ही न बघताच काम सांगायच्या, म्हणून त्या दिवशी मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, दबकत तुमच्या समोर आले आणि जीभ बाहेर काढून उभी राहिले. तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे पाहिलंत. आणि पुन्हा मान खाली घालून बोटांनी खडे शोधत राहिलात. माझी जीभ तशीच बाहेर. मी एक बांगडी सोडली, ती वाजली, आणि तुम्ही ओरडलात, "काहून वं, उभीच हाय? पानी कोन भरीन?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले दिसत नाही."

तुम्ही तांदळाचं सूप बाजूला ठेवलंत आणि माझं मनगट धरलंत. मळ्यात कुदळ मारलेला हात होता तो. "कोनापाशी बोलली तं याद राख," तुम्ही म्हणालात. "मले पाटावरून उठवलं तं मी या घरात कोन हाय? भाजी विकनारी म्हातारी. तुले मीच पसंत केलं, तुहे डोळे चांगले म्हनून. आता ते कामी लाव." काचबिंदू होता तुम्हाला, हे मला फार पुढे डॉक्टरकडून कळलं. त्याला कोणत्याही नंबराचा चष्मा चालत नाही. म्हणजे अख्ख्या मुलुखाला चष्मे पुरवणाऱ्या घराची खात्री एका आंधळ्या बाईच्या जिभेवर चालली होती. कारण खरी करामत जिभेची होती. दोरा ओला करायच्या निमित्तानं तुम्ही सुईचं नेढं जिभेच्या टोकानं शोधायच्या आणि ओठाआडूनच दोरा आत सारायच्या. त्या दिवसापासून माझं काम ठरलं. मोठ्या नेढ्याची, गोधडीची सुई निवडायची, दोऱ्याला मेण लावायचं, दोन्ही तुमच्या तळहातावर ठेवायचं आणि सुई पडलीच तर कुणाला कळू न देता उचलायची. त्याच्या बदल्यात तुमची जीभ माझ्यासाठी थोडी मऊ होईल असं मला वाटलं होतं. काय वेडी होते मी!

पुढच्या साली कापूस घरी आल्यावर, म्हणजे आपल्या धंद्याचा ऐन मोसम, माझा भाऊ बैलबंडी घेऊन आला. आईनं अंथरूण धरलं होतं. तो ओसरीच्या खाली उभा राहून बोलला, वर चढला नाही. "मायचा काही भरोसा नाही जी. तिचंच नाव घेऊन राह्यली. दोन दिवस धाडा."

तुम्ही पाटावरूनच म्हणालात, "केनवडचे येऊन राह्यले, आसेगावचे येऊन राह्यले. सिजन निघू द्या, मंग धाडतो. तुमची माय काही पळून नाही चालली."

भाऊ पाण्याला न शिवता परत गेला. मी आत येऊन तुमचे पाय धरले. सुया निवडून ठेवते, दोऱ्याला मेण लावून ठेवते, पुडी करून तुमच्या कनवटीला बांधते, म्हटलं. "एकच दिवस जी. सकाळी जातो, संध्याकाळी येतो." तुम्ही शांतपणे विचारलंत, "अन् सुई खाली पडली तं?" तुम्ही पाय सोडवून घेतलेत आणि मी निवडलेल्या मेथीवर हात फिरवून ती नीट खुडली की नाही हे तपासायला लागलात. तिसऱ्या दिवशी आई गेली. मला दहाव्याला धाडलंत, तेही बंडी त्याच दिवशी माघारी आणायच्या बोलीवर. माझी भावजय सांगत होती, शेवटपर्यंत आई दाराकडे पाहत होती. बाहेर बंडी वाजली की विचारायची, आली काय?

मी कारंज्याला परत आले, चूल पेटवली आणि सगळ्यांना जेवायला वाढलं. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी हाय." बस, एवढंच.

मग नवी पेटी आली. ओसरी भरलेली होती, आणि सगळ्यांत जास्त माल उचलणारा केनवडचा म्हातारा व्यापारी मामाजींच्या शेजारी टेकला होता. मी स्वयंपाकघरात खलबत्ता घेतला, गोधडीची सुई पालथ्या खलावर ठेवली आणि तिचं नेढं लोखंडी बत्त्यानं ठेचून बंद केलं. तीन-चार घाव पुरले. मग ती सुई मेण लावलेल्या दोऱ्यासकट तुमच्या तळहातावर ठेवली आणि दाराआड उभी राहिले.

तुम्ही चष्मा लावला. सुई ओठाशी नेली. थांबलात. पुन्हा नेली. ओसरीवरची बोलणी हळूहळू बंद झाली. तुमच्या कपाळावर घाम आलेला मला दिसतो आहे, पदराची कड भिजली आहे. तुम्ही हात मागे केलात आणि अगदी हळू म्हणालात, "सुई बदलून दे वं." मी ती घेतली, सुयांच्या डब्याचं झाकण उघडून वाजवलं, पुन्हा लावलं आणि तीच सुई तुमच्या हातावर ठेवली. "हे घ्या दुसरी," मी म्हटलं. तीही ओवली गेली नाही.

मामाजींना वाटलं, पेटीवर नंबर चुकीचा पडला. त्यांनी दुसरा चष्मा चढवला, मग तिसरा. मग ते तुमच्याकडे बघतच राहिले आणि त्यांनी मिटलेली मूठ तुमच्या नाकासमोर धरली. "किती बोटं हायेत?" तुम्ही म्हणालात, "तीन." कुणीतरी हसलं. केनवडचा म्हातारा उठत म्हणाला, "सेठ, तुमच्या घरीच चष्मा लागत नाही, तं आमी लोकायले काय दाखवाचं?" मामाजींनी तुमच्या नाकावरून चष्मा काढला, धोतरानं पुसला आणि डझनात परत ठेवला. मग म्हणाले, "ऊठ." तुम्ही उठलात, पण तुम्हाला दार सापडेना. मी तुमचा हात धरून आत नेलं, आणि पाहणाऱ्यांना वाटलं असेल, सून किती गुणाची.

त्याच दिवशी मामाजींनी पाटावर मला बसवलं. माझ्या धड डोळ्यांवर साडेतीन नंबराचा चष्मा चढला आणि सगळी ओसरी पाण्यात बुडाल्यासारखी झाली. मी सुई तुमच्याच रीतीनं ओवली, जिभेनं. माल गेला.

दिवेलागणीला तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत. आवाजात राग नव्हता. "खरं सांग," तुम्ही म्हणालात, "दोन्ही सुया धड होत्या ना?"

मी म्हटलं, "दोन्ही धड होत्या."

तुम्ही अंगठा बोटांवरून फिरवत बसलात. "मंग माहे हातच गेले," म्हणालात.

तिथून पुढे जे झालं ते होईल, हे मला ठाऊक नव्हतं. डोळे गेल्यावरही तुम्ही हातांच्या भरवशावर घर चालवत होता. वाती वळत होता, वेणी घालत होता, भाकरी थापायलाही बसत होता. तो भरवसाच गेला. लुगडं नेसून झालं की मला विचारायच्या, नीट झालं काय? भाताचा घास हातात घेऊन विचारायच्या, यात केस तं नाही? उंबरठ्याशी येऊन थांबायच्या, पाय कुठं ठेवू? कमरेच्या किल्ल्या तुम्ही आपणहून काढून दिल्या, कारण कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे आता ओळखता येणार नाही असं तुम्हाला वाटायला लागलं. तुम्हाला ओळखता येत होतं, आत्याबाई. मी एकदा दोन किल्ल्यांची अदलाबदल केली तर तुमची बोटं लगेच अडली. पण तुम्ही बोटांचं ऐकलं नाहीत, मला विचारलंत. मी म्हटलं, बरोबर आहेत.

अशी नऊ वर्षं. लढाई लागली, जर्मन काच यायची थांबली, मामाजी गेले, तुमचा मुलगा, माझा नवरा, गादीवर बसला. तुम्ही मागच्या खोलीत. मी तुम्हाला उपाशी ठेवलं नाही, हात उचलला नाही, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. फक्त कधी कधी पाण्याचा गडवा रोजच्या जागेवरून वीतभर सरकवून ठेवायची आणि तुमचा हात रिकाम्या जागेवर फिरताना बघायची. मग तुम्ही हाक मारायच्या. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून तुम्ही म्हणालात, "तू होती म्हनून निभलं." दुपारची वेळ होती, खोलीत आपण दोघीच होतो. तेव्हा सांगायला तोंड होतं आणि ऐकायला कान होते. मी तुमच्या तोंडात पाणी घातलं आणि पदरानं ओठ पुसले.

सुई एकच होती. तिला नेढं नव्हतं. तुमच्या बोटांनी आणि जिभेनं तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं.

आईसाठी केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. सुईपुरतं ते खरं आहे. पण सांगायला मला नऊ वर्षं होती, आणि आईचं दुःख माझं दोन-तीन वर्षांत निवलं होतं. पुढची वर्षं तुम्ही पाऊल टाकायच्या आधी थांबून मला विचारायच्या, आणि मला ते आवडायचं.