तबकडीची दुसरी बाजू

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. मी, बेकरीची भट्टी आणि माझा गुडघा, तिघेही कसेबसे चालू आहोत.

तुझ्या आईने आणि मी जमवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला देऊन टाकाव्यात म्हणतो. पुढच्या आठवड्यात तो टेम्पो आणतोय. ती गेल्यापासून संध्याकाळी डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून रोज एक लावतो. पण या विलायती संगीतकारांचं काही खरं नाही. तो वीस पोरांचा बाप काय, तो बहिरा तिरसट काय, सगळे रंगात येतात आणि मधेच गप्प. मग सुई नुसती खरखरते आणि घर खायला उठतं.

तुला काय वाटतं ते कळव. जिवाला जप.

बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आधी टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

बाबा, तबकडी उलटवायची असते. तुम्ही जन्मात उलटवली नाहीत, कारण पहाटे तीनला उठणारा माणूस पहिली बाजू संपायच्या आत घोरायला लागायचा. जागे झालात की म्हणायचात, वा, काय शेवट केलाय. आई मान डोलवायची. दुसरी बाजू तिने केव्हाच ऐकून संपवलेली असायची. मला म्हणायची, पहिली यांची, दुसरी माझी. तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. आता कोण रागावणार आहे म्हणा.

एकदा उलटवून बघा. पिठाचे हात लावू नका. वॉर्डातल्या रात्रपाळ्या संपल्या की येतेच.

माया आहे तशीच ठेवा.

तुमची ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

टेम्पो रिकामा परत पाठवला.

अगं, मी गिऱ्हाइकांना पाव बांधून देताना सांगत आलो की थोर माणसं शेवट अर्धवट सोडतात, त्यातच खरी गंमत. कुणी तोंडावर हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

काल त्या बहिऱ्याची तबकडी उलटवली. आधी नुसती व्हायोलिनं, अगदी हळू, भांडण मिटल्यावर माणसं बोलतात तशी. मग पियानो आला आणि मला बसवेना. तिच्या खुर्चीकडे बघायचा धीर झाला नाही.

ठमे, इतकं सुंदर होतं आणि ती ते एकटीने ऐकत होती. मी शेजारीच होतो गं. तिने हलवून उठवायचं होतं मला. झोपमोड केली म्हणून काय खाल्लं असतं का मी तिला?

जमेल तेव्हा ये.

बाबा