हिरवी खूण

३ जून
नवं शहर, नवी नोकरी आणि खिडकीजवळची खुर्ची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आमचं एक वेबपान आहे. टॅब्लेटवरचं बटण दाबलं की मदतकेंद्राला विनंती जाते आणि गाडी निघते. कर्मचाऱ्यांना एक टॅब्लेट फुकट मिळतो, तो आत्याकडे पाठवला. मला तिनेच वाढवलं. तिचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. पडल्यावर मी बटणं शोधत बसू का, म्हणाली; म्हणून टॅब्लेट सतत गळ्यात अडकवून ठेवायला सांगितलं.

५ जून
विनंती फसली की पानावर लाल इशारा यायचा. म्हातारे घाबरून ऑफिसात फोन करत, म्हणून साहेबांना तो नको होता. ते म्हणाले, फसली तरी हिरवी खूणच दाखव. विनंती टॅब्लेटमध्ये साठव, जमेल तेव्हा आपोआप जाईल. चार ओळींचं काम, जेवणाआधीच उरकलं. साहेबांनी पाठ थोपटली.

१२ जून
एकही तक्रार नाही. आत्याला फोन करायचा राहूनच जातोय, पण बटण आहे म्हणून निर्धास्त आहे.

१३ जून, गुरुवार, सकाळ
मदतकेंद्रातल्या बाईंनी विचारलं, शनिवारपासून एकही विनंती कशी नाही? शोधलं. आमच्या सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत शनिवारीच संपलीय. अशा ठिकाणी ब्राउझर काही पाठवतच नाही, साफ नकार देतो. आणि त्या नकारावर मी हिरवी खूण लावून ठेवलीय.

दुपार
प्रमाणपत्र नवं केलं. साठलेलं सगळं एकदम आलं — दोनशे अकरा घरं. एका आजोबांनी एकोणचाळीस वेळा दाबलं होतं. गाडी पोहोचण्याआधीच शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं, वास आला म्हणून. साहेब म्हणाले, "हिरवी खूण दिसली ना त्यांना? निदान आशेवर तरी गेले."

चार वाजता
आत्या फोन उचलत नाही. यादीत तिचं नाव — विनंतीसोबत दोन ओळी लिहिता येतात —

मंगळवार, सकाळी सात. मोरीत पडले. कंबर गेली बहुतेक.
सव्वासात. हिरवी खूण आली, म्हणून शेजारणीला हाक मारली नाही.
बुधवार. आता आवाज फुटत नाही. पोरा, तुझी माणसं कुठवर आली?

मदतकेंद्र म्हणतं, गाड्या तीनच. तिचा नंबर एकशे चाळिसावा — शेजारणीचा नंबर माझ्याकडे नाही —

आणखी एक आली. वेळ आत्ताची. नुसतं बटण. म्हणजे आहे ती. आणि तिला पुन्हा हिरवी खूण दिसली, म्हणजे ती अजूनही वाट