लिफाफ्यावरची सौ.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा उलटं! पत्ता पाकिटाच्या मागे, थेट झाकणावर. सकाळपासून अकरा पाकिटं वाया. भावाच्या, वैभवच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका, आणि पत्ते छापायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. हात रिकामे दिसले की आई विचारते — "जावाई कधी येऊन राह्यले न्यायले?"

सासरहून, सौसरहून, इथे माहेरी पांढुर्ण्याला येऊन चार महिने झाले. मला परत जायचं नाही. गजेंद्रचा हात उठतो. हे फक्त इथे लिहिते.

४ फेब्रुवारी
पाकीट फिरवून घातलं. पत्ता समोर आला — पण कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

५ फेब्रुवारी
सापडलं! वर्डमध्ये पाकिटाचं माप दिलं होतं, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये मात्र ए-फोरच राहिलं होतं. दोन्हीकडे एकच माप दिलं आणि पत्ता बरोब्बर मध्ये! संध्याकाळपर्यंत शंभर. वैभव लगेच गाडीवर वाटायला निघाला. किती दिवसांनी स्वतःवर खूश आहे.

७ फेब्रुवारी
मोहगावहून मंगलाआत्याचा फोन. "काऊन वं तृप्ती, माहा नवरा समोर बसून जेवून राह्यला, अन् मले श्रीमती केलं?"

पत्त्यांची यादी वैभवची! हिंदी मीडियमचा पोरगा, सगळ्या बायकांना सरसकट श्रीमती लावलं. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली. आत्याच्या वयाच्या बायकांना मात्र श्रीमती म्हणजे नवरा गेलेली. मीही डोळे झाकून छापत सुटले! एका झटक्यात सगळ्या श्रीमतींच्या सौ. केल्या.

९ फेब्रुवारी
आगीतून फुफाट्यात! तिगावच्या शांतामावशीही सौ. झाल्या. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि ते पाकीट त्यांच्याच हाती पडलं. आईला फोनवर म्हणाल्या, "रागावू नको पोरीले. वाचून दोन मिन्टं बरंच वाटलं मले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता यादी कागदावर काढली आणि आईसोबत एकेक नाव तपासतेय. हिचा आहे. हिचा गेला. हिचा आहे. बाईच्या नावाआधी नवऱ्याची खबर कशाला हवी? चीड येते नुसती.

११ फेब्रुवारी
ओळ एकशे बेचाळीस. 'श्री. गजेंद्र व सौ. तृप्ती, सौसर.' रीत म्हणून आईनंच सांगून घातलेली. म्हणजे माझं आमंत्रण मीच छापायचं, तिकडे पाठवायचं, आणि त्याच्या मागे गाडीवर बसून भावाच्या लग्नाला पाहुणी म्हणून यायचं!

तीनदा पाकीट लावलं, तीनदा काढलं. आई मागेच उभी होती.

"काऊन थांबली?"

"अडकलंय."

पाकीट तर माझ्या हातात होतं. तिनं ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी रडले, तिच्यासमोर, पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी
सकाळी प्रिंटरवर यादी ठेवलेली. एकशे बेचाळीसची अख्खी ओळ पेनानं खोडलेली, बाजूला आईचं मोठं वाकडंतिकडं अक्षर — 'तृप्ती घरचीच हाय. घरच्याले लिफाफा लागत नाही.'