सीताफळाच्या बिया आणि डावीकडच्या तीन सऱ्या

२ नोव्हेंबर, रविवार
पीएच.डी.चं आठवं वर्ष. ३१ डिसेंबरनंतर मुदतवाढ नाही, असं गाईडनी स्वच्छ सांगितलं. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. सीताफळाच्या बियांच्या अर्काने वांग्यावरचा मावा मरतो, एवढं सिद्ध केलं की थीसिस पूर्ण, सुप्याच्या कीटकनाशकांच्या कंपनीत रिसर्चची नोकरी, आणि कॉलेजातल्या तासिका तत्त्वाला कायमचा रामराम.

३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०
आत्ताच उठलो. संशोधकाला झोप लागतेच. बाल्कनीत वीस किलो बिया पसरल्यात. पंकजा म्हणते, निदान कपडे वाळतील एवढी जागा सोडा. बायकोला सायन्स कळत नाही. ती झेडपीच्या शाळेत सायन्सच शिकवते, पण ते वेगळं.

९ नोव्हेंबर
पाथर्डीला, गावी. वडिलांच्या वांग्यांवर मावाच मावा. फार आनंद झाला. आण्णांना झाला नाही.
सहा सऱ्या घेतल्या. डावीकडच्या तिन्हींवर अर्क, उजवीकडच्या तिन्हींवर काहीच नाही. काहीच नाही म्हणजे काहीच नाही, हे तीनदा समजावलं. उभं पीक किडीला सोडायचं, हे आण्णांच्या पचनी पडेना. शेवटी म्हणाले, तू म्हणतोस म्हणून. फवारणी त्यांच्यावर सोपवून नगरला परत.

२३ नोव्हेंबर
जिंकलो! डावीकडे मावा औषधालाही नाही. उजवीकडच्या सऱ्या पार गेल्या. भरपूर फोटो काढले. आण्णा फोटोला उभे राहिनात. भारावले असावेत.

२७ नोव्हेंबर
अर्काची बाटली आणि पानं सुप्याला दिली. तिथली लॅब निकिता सांभाळते. माझीच विद्यार्थिनी, प्रॅक्टिकलला मीच काठावर पास केलेली. तिच्या हाताखाली काम करायचं तर काही अटी घालाव्या लागतील. शर्ट शिवायला टाकला.

९ डिसेंबर
रिपोर्ट आला. अर्कात मावा मजेत जगतो म्हणे. डावीकडच्या पानांवर दुकानातलं औषध सापडलं. निकिता हळूच म्हणाली, सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.
त्यांचं मशीन बिघडलंय. पंकजा म्हणाली, आण्णांना विचारा. काही गरज नाही.

१४ डिसेंबर, रविवार
विचारलं.
"धा दिस तुझंच मारलं. मावा हालंना. तुझं नाव खराब व्हाया नको म्हून तुझ्या तीन सऱ्यांवर दुकानातलं मारलं. दुसऱ्यांना हात लावला न्हाई. तूच म्हन्ला हुता ना, काईच न्हाई."
रोज बांधावर उभं राहून त्यांनी तीन सऱ्या जाऊ दिल्या. आठ वर्षांत एवढा कडक नियम मी एकदाही पाळला नाही. फार लाज वाटली.
"मग, पसंत पडलं का कंपनीला?"
पडलं, म्हणालो. आण्णा खुशीत शेळ्या सोडायला गेले.

३१ डिसेंबर
पहाटे पाचला उठलो. पहिल्यांदाच. करायला काही नव्हतं. बिया गोणीत भरल्या, पंकजाने बाल्कनीत कपडे वाळत घातले. शर्ट शिवून आलाय, खांद्यात घट्ट होतो.
आण्णांचा फोन आला. कंपनीत कधी रुजू व्हायचं, विचारत होते. आणि पुढच्या सालीही तीन सऱ्या तशाच सोडू का, म्हणाले.